कठड्याचं वळण

लेक : बाबा, उठा हो! परक्याच्या जिन्यात असं उताणं पडतात का? काकू काय म्हणतील?

घरमालकीण : पडू दे गं. या जिन्यात शूटिंग झालं ती सिरियल संपून सहा वर्षं झाली, अजून लोक येतात. हिरॉईनच्या पायरीवर उभं राहून फोटो काढतात. पण खालून बघणारा पहिलाच!

सुतार : वरून काय बघायचं, ताई? सुताराची लबाडी खालच्या अंगाला असते. पोरी, बॅटरी नीट धर.

घरमालकीण : पण शोधताय तरी काय?

सुतार : जोड. हा कठडा वळतो तिथं लाकडाला जोड असणारच. चाळीस वर्षं रंधा मारतोय मी! आणि आमची बायको म्हणते, अखंड आहे.

लेक : दोघं रोज ही सिरियल बघायची, काकू. गोष्ट राहिली बाजूला, भांडण जिन्यावरून. शेवटी पैज लागली. हरेल त्यानं जन्मभर सकाळचा चहा करायचा.

घरमालकीण : मग त्यांना का नाही आणलं?

सुतार : गुडघे गेलेत तिचे. म्हणाली, ‘तुम्हीच बघून या, पण खरं सांगा.’ तुमच्या शहरात उतरलो आणि एकालाही पत्ता विचारला नाही बघा. तो घड्याळाचा मनोरा, तो उतार, कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान, सगळं तोंडपाठ! तिला दिसायला हवं होतं.

घरमालकीण : पण टीव्हीत बघून त्यांना कळलं कसं?

सुतार : माझ्या कामाला पॉलिश तीच करते ना. म्हणे, ‘ती पोरगी रागानं जिना उतरते, तेव्हा वळणावर तिचा हात जरासुद्धा अडत नाही. जोड असता तर अडला असता.’ मी म्हटलं, सरस आणि भुसा भरून दडवला असेल.

लेक : सापडला का?

सुतार : थांब. लाकडाची ही रेघ इथून निघाली... इथं आली... अगं, ही तर कठड्याबरोबरच वळलीय!

घरमालकीण : सासऱ्यांनी केलाय तो. त्यांना मुळातच वाकडं वाढलेलं झाड हवं होतं. दोन वर्षं हिंडले. तोवर आम्ही दोर धरून जिना चढायचो.

सुतार : (उठून बसत, कठड्यावर हात फिरवत) दोन वर्षं! काय माणूस असेल हो! मी दोन तुकडे चिकटवून संध्याकाळी मोकळा झालो असतो.

लेक : म्हणजे आई जिंकली!

सुतार : हळू बोल. जोड होता म्हणून सांगितलं, तर इथं कोण बघतंय?

घरमालकीण : मी बघतेय की!

सुतार : थट्टा केली, ताई. गिऱ्हाईक माझ्या कामावरून हात फिरवायचं, म्हणायचं, ‘काय सफाई आहे, मिस्त्री!’ मी आपला मान डोलवायचो. सफाई तिची. कधी सांगितलं नाही कुणाला.

लेक : मग निदान हे तरी सांगा. लावू फोन?

सुतार : फोन नको.

लेक : बाबा! लपवणार?

सुतार : नाही गं. घरी गेलो की सकाळी तिच्याआधी उठतो, चहा टाकतो. कप हातात आला की कळेल तिला.

लेक : जमेल?

सुतार : जमवतो. तू फक्त एवढं सांग, आई साखर किती घेते?