भिंतीवरची लाल रेघ

दवाखान्याच्या जिन्यावर रांग होती. रक्तदाब तपासायला आलेल्या निवृत्त ओव्हरसियरांच्या पुढेच एक आजी नातवाला लस द्यायला घेऊन उभ्या होत्या. शेजारीण सोबत होती.

“पुरात झाला ना गं हा?”

“हो, इथेच वरच्या मजल्यावर. खाली नुसत्या खांबांत कमरेइतकं पाणी आणि वर सून सुखरूप बाळंत झाली.”

“दवाखाना उंच बांधला म्हणून निभावलं.”

“त्या ओव्हरसियरची कृपा. मागल्या मोठ्या पुरानंतर दारोदार विचारायचा, ‘आजी, पाणी कुठवर चढलं होतं?’ आम्ही बोट दाखवलं की भिंतीवर लाल रेघ मारायचा. सरकारनं जे बांधायचं, ते त्या रेघेच्या वर.”

“तू तर भांडली होतीस त्याच्याशी.”

“नव्या रंगावर रेघ मारली, मग काय ओवाळू? पाठ वळताच घासून काढली. तरी डाग राहिलाच. यंदा पाणी त्याच्या चार बोटं खाली थांबलं. मग माझी मीच त्यावर पुन्हा रेघ मारली.”

“भेटला तर काय म्हणशील?”

“म्हणेन, बाबा, माझी वाकडी आलीय. चहाला ये आणि सरळ करून जा.”

नर्सनं ओव्हरसियरांना हाक मारली.

“दहा मिनिटं थांबा, बाई,” ते म्हणाले. “आत्ता तपासलंत तर जास्तच येईल.”