शनवारचं एरंडेल

मद्रासला मैलापूरच्या दवाखान्यात औषधाच्या रांगेत उभी होते. मराठी कानावर पडलं, म्हणून ऐकत राहिले. पुढे तंजावरकडचे एक म्हातारे होते आणि खिडकीत मिरजेहून आलेली सिस्टर.

"हंबीरराव, जुलाब पुन्हा लागले?"

"होय अम्मा. बंद कराचं औषध द्या."

"शनिवारी परत एरंडेल घेतलंत?"

"घेतलं. आमच्या घरी शनवारी एरंडेल घेतातच."

"एरंडेलानं जुलाब, आणि जुलाबाला माझं औषध. अशानं आतडी आळशी होतात, अंगातलं पाणी जातं ते वेगळंच. आता दोन्ही बंद. आज मीठ घालून ताक प्या, मऊ भात खा. उद्यापासून पालेभाजी, भरपूर पाणी आणि सकाळी चालणं."

"बरं."

"मागच्या वेळीही बरंच म्हणालात. एरवी पोट साफ होत नाही का?"

"होतं की. रोज होतं."

"मग घेता कशाला?"

"बायको, भवानी, होती तेव्हा एरंडेल घेतलं की मिऱ्याचं सार कराची. दिवसभर दाराशी येऊन विचाराची, झालं काय, पुन्हा झालं काय, म्हणून."

"आता घरी कोण विचारतं?"

"घरी कोण नाही. इथं तुम्ही विचारता की, जुलाब पुन्हा लागले काय, म्हणून."