वाढणारा हात

चहा घ्या, सांगतो. माझ्या रेणुकाचा नवरा कॅनडाचा नागरिक. तिलाही तिकडं कायमचं राहायची परवानगी हवी होती. लग्न खरं आहे हे दाखवायला तिकडच्या कचेरीनं लग्नातले घरच्यांसोबतचे फोटो मागितले. तिचा फोन आला.

"अप्पा, एकाबी फोटोत तुमी न्हाई की!"

"अगं, मी पंगतीत वाढत होतो. फोटोवाला बोलवायचा, मी म्हणायचो, आलो, आलो."

शेवटी एका फोटोत तिच्या ताटात शेंगाची पोळी वाढणारा माझा हात तेवढा सापडला. तिनं तोच पाठवला, खाली लिहिलं, 'वडील'.

परवानगी मिळाली. ती म्हणाली, "आता इकडं या अप्पा, शेजारी बसून फोटो काढू."

मला आता जिनाही उतरवत नाही, हे तिला ठाऊक आहे.

"आलो, आलो," मी म्हणालो.