किटलीखालचे तीन दगड

मी फक्त चहा केला हो! कुणाची बकरी पळवली नाही, कुणाचं पाणी तोडलं नाही... चहा! आणि तुम्हाला सांगतो, तेव्हापासून लल्ला यामनांचं नाव निघालं की माझे कान इतके तापतात की त्यांच्यावर भाकरी भाजून घ्यावी!

तुम्ही म्हणाल, हम्मू, तू लग्नात डफ वाजवणारा, सातवीतच शाळा सोडलेला, त्या शिकलेल्या लोकांत गेलासच कशाला? अहो, गेलो नाही, नेलं! उस्तादा नुझा, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, राजधानीतून, राबातहून आमच्या डोंगरात आल्या. चित्रं, गाणी, नाच यांतून मनावर उपचार करणाऱ्यांना खोलीबाहेर, झाडादगडांत बसून काम कसं करायचं ते शिकवायला. माझा डफ ऐकला आणि म्हणाल्या, "तूही शीक. पास झालास तर खालच्या गावी मुलांच्या दवाखान्यात जागा आहे." आई म्हणाली, "जा बाबा! लग्नं काय उन्हाळ्यापुरतीच, हिवाळ्यात नुसता चुलीपुढे बसतोस!"

तिसऱ्या दिवशी जोड्या लावल्या. आमच्यातल्याच एकाने रोगी व्हायचं, एकाने उपचार करणारा. रोग्याने आजूबाजूला सापडेल त्यातून काहीतरी मांडायचं, दुसऱ्याने दहा पावलांवर बसून बघायचं, हात लावायचा नाही. "हम्मू, हात मांडीवर!" "हो, उस्तादा." माझ्या वाट्याला लल्ला यामना ('लल्ला' म्हणजे आमच्याकडे 'बाईसाहेब'), कासाब्लांकाच्या नर्स, माझ्या आईच्या वयाच्या. आता सांगा, आईच्या वयाच्या परक्या बाईकडे टक लावून बघायचं? आमच्याकडे? मी आपला स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत बसलो... अर्धा तास! मान वर केली तर बाई ओढ्याकडे गेलेल्या, वारा असा बोचरा, आणि पाहुणीला अजून चहा नाही! आमच्याकडे भांडायला आलेल्यालाही आधी चहा देतात हो! धावलो, खेचरावरून किटली आणली, बघतो तर समोर तीन दगड, एकमेकांकडे तोंड करून, मधे बेताची जागा. डोंगरात तीन दगड म्हणजे काय? चूल! धनगर मांडून जातो, पुढचा पेटवतो, कुणी कुणाला विचारत नाही. पेटवली!

लल्ला यामना कण्हेरीची फुलं घेऊन आल्या. उभ्याच राहिल्या.

"हम्मू... ती माझी आई आहे."

"कुठे?"

"किटलीखाली."

मी घाईने किटली उचलतो तोच... टक्क! आई दुभंगली. ओढ्यातला दगड विस्तवात फुटतो हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल, आणि मी!

मी फक्त चहा केला हो... तोच ओतला, हातांना दुसरं काही सुचेना. त्या बसल्या, पेला घेतला आणि बोलायला लागल्या. "मी परक्यांच्या उशाशी जागत होते रे, आणि आई घरी एकटीच वारली. दार शेजाऱ्यांनी तोडलं." तासभर बोलल्या, रडल्या, साखर जास्त झाली म्हणाल्या, पुन्हा रडल्या. मी? मान खाली. जीभ टाळूला. माफीसुद्धा फुटेना! आणि ओकच्या झाडामागे उस्तादा वहीत लिहितायत... संपलं म्हटलं, हिवाळाभर चूल आणि मी.

संध्याकाळी सगळ्यांसमोर उस्तादा म्हणाल्या, "आज हम्मूने तासभर एक शब्द मधे घातला नाही. सांत्वन नाही, सल्ला नाही. असं ऐकणं मला वीस वर्षांत जमलं नाही!"

टाळ्या! मी उठलो, "उस्तादा, ते शरमेने..."

"बघा, किती विनयशील!"

पुन्हा टाळ्या! जाताना लल्ला यामनांनी दगडाचा अर्धा तुकडा रुमालात बांधला, अर्धा काजळी लागलेला माझ्या हातात ठेवला. "ठेव. तुलाही कळलीय ती आता." तेव्हा तरी माफी मागावी की नाही? मी काय म्हणालो माहितीये? "वाटेत खायला भाकरी देऊ?"

दवाखान्यात जागा मिळाली. वर नव्या तुकडीला 'गप्प बसून ऐकणं' हा धडा मीच शिकवायचा! पोरं विचारतात, "हम्मूदादा, हे तुम्हाला कसं जमलं?" काय सांगू... आधी कुणाची तरी आई फोडा?

मी फक्त चहा केला होता हो. आता डोंगरात जाताना घरून गॅसची शेगडी नेतो.