दहापैकी सात

नाही नाही, थांबा – डोळे उघडा आता. या खेपेला मी हा नायलॉनचा दोरा बोटाला टेकवलाच नव्हता. माझा हात हा इथे, मांडीवर, आणि तुम्ही म्हणालात 'हो'. मघाशीही एकदा म्हणालात, तेव्हाही टेकवला नव्हता. अहो, ओशाळताय कशाला, सगळे करतात. डोळे मिटा म्हटलं की निम्मे लोक शाळेतल्या प्रार्थनेसारखा एक डोळा किलकिला ठेवतात, आणि उरलेले निम्मे माझ्या खुर्चीचा कानोसा घेतात – करकरली, म्हणजे बाई वाकल्या, म्हणजे आता टोचणार, म्हणा हो! तुम्ही दुसऱ्यातले. खुर्ची बदलून द्या म्हणून तीन अर्ज झालेत माझे, पण इथे कुणाला कान आहेत?

आणा तो हात इकडे. व्रण छान बसलाय मनगटावरचा, तेल लावून चोळता ना रोज? चोळत राहा, नाहीतर खालची कातडी चिकटून बसते आणि मग मनगट वळायला नको म्हणतं. मूठ वळते, पकड चांगली आहे, सगळं झकास – अडलंय ते इथे. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट. डॉक्टरांनी नस जोडली, खरंय, पण जोडली म्हणजे वायर जोडली की दिवा लागला असं नसतं हो. ती मनगटापासून पुन्हा वाढत येते, दिवसाला मिलिमीटरभर, गोगलगाय बरी. आणि टोकापर्यंत आली तरी डोक्याला ती ओळखू यायला हवी – म्हणून तर तुम्हाला तांदळाच्या डब्यात हात घालून बटण शोध, किल्ली शोध असले पोरखेळ करायला लावते मी. दुखत नाही म्हणता. तेच तर! दुखत नाही हीच तक्रार आहे.

ऐकलं मी, ऐकलं. कामावर जायला हरकत नाही अशी माझी सही हवी, सोमवारी बेकरीच्या भट्टीवर हजर झाला नाहीत तर मालक दुसरा माणूस घेणार. हातावर पोट आहे – अहो, या खोलीत कुणाचं नसतं? काचेतून बघा बाहेर, बाकावर. त्या धुण्याच्या बाई – कपडे पिळून पिळून कोपर धरलं होतं, साधा कप उचलवत नव्हता. सांगितलं, दोन्ही हातांनी पिळू नका, कपडा नळाला अडकवा आणि पीळ द्या. पट्टा दिला, ताण द्यायला शिकवलं, दीड महिन्यात हसायला लागल्या. पलीकडचा कारकून, टायपिंग करून हाताला मुंग्या – त्याला झोपताना मनगट सरळ ठेवायची पट्टी. त्या आजी जिन्यावरून पडल्या, प्लास्टर काढलं तर आत लाकूड. रोज कोमट पाण्यात हात, रोज थोडं वळवणं, रोज मला शिव्या. आता स्वतःची वेणी स्वतः घालतात. ही सगळी माणसं दुखतं म्हणून येतात आणि थांबलं की गरज सरो, वैद्य मरो. तुमचं उलटं आहे. तुमच्यात थांबायला काही नाहीच.

इथे एक इस्त्रीवाले होते. नावं नाही लिहीत मी वहीत, कामं लिहिते – हात परत जायचा तो कामावर, नावाचं काय करू? तर इस्त्रीवाले. मोठ्या लाँड्रीत होते, हॉटेलांच्या चादरी त्या तापलेल्या रुळाखालून काढायच्या. घरी भांडी घासताना काचेचा पेला हातातच फुटला आणि मनगट कापलं, तुमच्यासारखंच, इथे, बोटभर खाली. पहिला प्लास्टिकचा स्प्लिंट मीच केला, गरम पाण्यात मऊ करून हातावर बसवला, तर म्हणतात, 'चटका बसला गं' – बाई. बाई म्हणाले. वरच्या बाजूला बसला होता चटका, बोटांना कुठला बसतोय. नऊ महिने आले. तांदूळ, बटणं, खरकागद, मखमल, सगळं केलं. माणूस कष्टाळू. आणि मग शेवटची तपासणी. दहा वेळा विचारलं, सात वेळा बरोबर. दोनदा दोरा टेकवला तेव्हा गप्प, एकदा टेकवला नाही तेव्हा हो. दहापैकी सात म्हणजे वाईट नाही वाटत ना? शाळेत पेढे वाटतात त्याला. पण रूळ काही दहापैकी सात वेळा गरम नसतो. मी म्हटलं डोळे उघडा, तर उघडून माझ्याकडेच बघत बसले. सकाळी मी डबा भरत होते तेव्हाच म्हणाले होते, आज सही करून टाक, घरात बसून बसून तुझ्या ताटाखालचं मांजर झालोय मी –

हो. घरातलेच. नवरा. आता कळलंच आहे तुम्हाला तर राहू दे. हात नका ओढून घेऊ, चोळतेय मी.

नियमाने मी तपासायलाच नको होतं. घरच्या माणसाचं दुसऱ्याने बघायचं, एवढी साधी गोष्ट. पण ते म्हणाले, परक्यासमोर नापास नाही व्हायचं मला. आणि मला वाटलं, बावीस वर्षं हा हात ओळखते मी, मला कोण सांगणार. दहा लिहिलं. सात त्यांचे, तीन मी घातले. काही झालं नाही हो त्या वेळी, पेन अडखळलं नाही, शाई सांडली नाही. सही केली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

अकराव्या दिवशी झालं. चादरीचं टोक सारखं करताना बोटं रुळाखाली गेली. ओढून नाही घेतली त्यांनी – का घेतील? शेजारची बाई म्हणाली, कसला तरी वास येतोय. तर हेसुद्धा मान वळवून शोधायला लागले, कुठून येतोय ते. दोन बोटं गेली.

चौकशी झाली ना, झाली तर. ह्यांनी काय सांगावं? 'मी बाईंना फसवलं. डोळा किलकिला ठेवला होता, बाईंचा काही दोष नाही.' मी समोर बसले होते. चौकशीवाल्यांनी मला विचारलं, असंच घडलं का, आणि मी मान हलवली. आज दोन वर्षं झाली, हे कुणाला माहीत नाही. सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगत बसले देव जाणे – हात दाखवून अवलक्षण! बहीण विचारते, रडलीस का गं? नाही रडले. काही वाटतच नाही मला, खोटं कशाला बोलू. सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं लावते, बसने इथे येते आणि दिवसभर लोकांना बटणं लावायला शिकवते. जेवते, झोपते. वाईट वाटायला पाहिजे हे कळतं. वाटत नाही.

तर नाही. सही नाही करणार मी. मालकाला चिठ्ठी देते – भट्टीपासून लांब, बांधाबांध, मोजणी, गिऱ्हाईक, एवढं हा हात आज करू शकतो. गरम काही धरायचं नाही, पाणी आधी डाव्या हाताने बघायचं, काम करताना नजर बोटांवर. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, आणि तेव्हा मी एकटी नाही, दुसऱ्या बाईही असतील. मालक मानेल? बहुतेक नाही मानणार. जागा जाईल तुमची. उगाच गोड बोलून कशाला पाठवू?

काय म्हणालात? मोठ्याने म्हणा. दगड? म्हणा की! माझ्या घरात शेण खाल्लं आणि तुमच्या पोटावर पाय देते, हेही म्हणा, खरंच आहे ते. अहो, आमच्याकडे एक शब्द नाही. 'तुझी काय चूक,' एवढंच म्हणतात आणि डाव्या हाताने मला चहा ओतून देतात. दोन वर्षं. एकदा ताट भिरकावलं असतं, एकदा म्हणाले असते, तुला कळत होतं ना – तर मी निदान पाय धरले असते. कशाचे धरू? चहाच्या कपाचे? तुम्ही ओरडा. बाहेर ऐकू गेलं तरी चालेल.

उठलात. बरं. ही चिठ्ठी.

फाडलीत? फाडा. दुसरी लिहून ठेवते, उद्या घेऊन जा, कुणाला तरी पाठवा. आजी, या तुम्ही, आत या – आणि दाराला हात नका लावू, त्यांना ते आपटू द्या.