बारीक बोटं

कौशल्याबाई : तुमच्या वर्गातल्या त्या राखीचं पत्र आलं, पोळा गेला, गणपती गेले. उत्तर कवा देता?

गुरुजी : चारदा लिहिलं. फाडलं.

कौशल्याबाई : पोरीनं फोन काऊन नाही केला?

गुरुजी : केला होता. मी नुसतं ‘बरं, बरं’ म्हणालो. म्हणून तर पत्र आलं.

कौशल्याबाई : हाव, ते तुमचं जुनंच हाय! अन् तिकडं तिच्या सासरी, उंद्रीले, दसरा झाला की मिरचीच्या बियाण्याचं क्रॉसिंग लागते. फुलाले फूल लावाले कंपनीच्या माणसाले पोट्ट्याच पाह्यजेत. बारीक बोटं म्हणे! राखीची दीपमाला दहा वर्साची. तिची शाळा गेलीच समजा.

गुरुजी : राखीचा सासरा, भाऊराव, नातीला पाठवणार. राखीला वाटतं, तो माझं ऐकेल. लहानपणी एका तरटावर बसून शिकलो आम्ही दोघं. पण त्याच्या घरात बोलणारा मी कोण?

कौशल्याबाई : राखी कशी यायची तुमच्या वर्गात, आठवते?

गुरुजी : पहाटे कपाशीच्या प्लॉटवर हेच काम करून यायची. परागानं बोटं पिवळी. फवारणीच्या वासानं डोकं धरून बसायची. पाढे म्हणता म्हणता झोपायची, आणि झोपेतही पुढचा आकडा बरोबर सांगायची!

कौशल्याबाई : अन् तुम्ही साऱ्या वर्गाले गप बसवायचे. मी डब्यात एक भाकर तिच्यासाठी जास्तीची बांधायची.

गुरुजी : तिला वाटायचं, मीच आणतो.

कौशल्याबाई : वाटू द्या. आता लिहा.

गुरुजी : ‘मुलांचा हक्क’ असं लिहिलं की भाषण वाटतं गं.

कौशल्याबाई : भाऊराव भाषण आयकत नाही. तुमच्यापुढं लाजते मात्र.

गुरुजी : लाजतो? थांब... हे ऐक. ‘चि. राखी, सासऱ्यांना वाचून दाखव. भाऊराव, दीपमालाला शाळेत जाऊ दे. तिच्या जागी क्रॉसिंगला मी येतो. माझी बोटं जाड, फुलं मोडली तर सांभाळून घे.’

कौशल्याबाई : अगं माय! खरंच जासान?

गुरुजी : लिहिलंय म्हणजे जावं लागेल.

(चिखलीत, पोस्टाच्या पेटीपाशी)

कौशल्याबाई : टाकलं?

गुरुजी : टाकलं. हात मागे घेववत नव्हता.

कौशल्याबाई : चला मंग. जासान तवा एक भाकर जास्तीची देईन. दीपमालाची शाळा वाटेतच हाय. अन् या खेपी सांगजा तिले, आजीनं देल्ली म्हणून.