चिंबोरीची साक्ष

मंडळी, आज एकच प्रश्न. ओळखीचा आवाज आला, गोड आला, आपलं नाव घेऊन आला — तर विश्वास ठेवावा का? माना हलवू नका. अर्ध्या उभ्या हलल्या, अर्ध्या आडव्या. ऐका!

गुहागरकडे एका वाडीत आनंदीबाई राहायच्या. मुलगा रुपेश पुण्यात. काम काय? तर फोनवरचा आवाज खऱ्या माणसाचा की यंत्राने बनवलेला, हे ओळखणारं यंत्र बनवणं. म्हणजे चोराला पकडायला चोराचाच भाऊ! पेटीवाले, हसू नका, पगार चांगला असतो.

या रुपेशने आईला पढवलं होतं — "आई, फोनवर आलेला कोड कुणाला सांगायचा नाही. माझा आवाज आला तरी नाही. मी रडलो तरी नाही!" आई म्हणाली, "बरं." कोकणातलं 'बरं' आहे हो ते. दगडावरची रेघ!

पुढे काय झालं? गौरी घरात आलेल्या, दुसऱ्या दिवशी त्यांचा नैवेद्य. इकडे पुण्यात मोठी मोठी माणसं रुपेशचं यंत्र बघायला जमलेली. पसंत पडलं तर कंपनी तरणार, नाही तर टाळं. आणि ऐन वेळी याच्या खात्यालाच कुलूप! फोन बंद, यंत्र बंद. कुलूप उघडायचा कोड जाणार कुठे? कॉलेजात असताना खातं उघडलं, तेव्हा नंबर दिला होता आईचा!

शेजारी बसलेल्याचा फोन घेऊन याने आईला लावला. "आई, मी रुपेश. कोड आलाय बघ, लवकर सांग!"

"कोण रुपेश?"

"अगं, तुझा!"

"असं? मग सांग, आपल्या घरी गौरीला नैवेद्य कशाचा?"

आली का पंचाईत! किती वर्षं हा गौरीला घरी गेला नव्हता. सुट्टी नाही, मीटिंग आहे, पुढच्या वर्षी नक्की. आठवून आठवून म्हणाला, "पुरणपोळी."

मंडळी, त्या घरी गौरीला तिखटाचा नैवेद्य! चिंबोरीचं, म्हणजे खेकड्याचं कालवण! पुरणपोळी तुमच्या घरी, त्यांच्या घरी नाही.

मग आई म्हणाली, "हं. माझाच आहेस."

"अं? चुकलं ना माझं?"

"म्हणून तर! मागच्या आठवड्यात एक चोर बोलला. आवाज हुबेहूब तुझा. जेवलीस का विचारलंन, गुडघा विचारलान. नैवेद्य विचारला तर म्हणतो चिंबोऱ्या! मी फोटो टाकला होता ना गेल्या साली, तो बघितला असणार मेल्याने. घटकाभर मलाही तूच वाटलास. मग म्हटलं, आपल्या रुपेशला एवढं आठवेल? ठेवला फोन."

रुपेश मग हळूच म्हणाला, "आई... कोड?"

"नाही. 'मी मागितला तरी देऊ नको,' असं तूच सांगितलंस. घरी ये. समोर बसून घे."

मोठी माणसं चहा पिऊन गेली. परत आली नाहीत. कंपनीला टाळं लागलं! खोटं कशाला सांगू, आख्यान आहे म्हणून काय झालं.

रुपेश रात्रीची गाडी धरून सकाळी दारात. आई म्हणाली, "पाय धू." मग फोन पुढे केला. कोड केव्हाच बाद झाला होता. कालवण मात्र गरम होतं.

आता तुमच्याकडे वळतो. आपण देवाला हाक मारतो ती कशी? "देवा, बरा आहेस ना?" — विचारलंय कधी कुणी? थेट मागणी! लवकर दे! त्यावरूनच तो ओळखतो, हा आपलाच. आणि म्हणतो, बाळा, फोनवर नाही. घरी ये.

तेव्हा उद्या आईला फोन लावा. गुडघा विचारा. पण एकदम फार गोड बोलू नका हो — चोर समजून ठेवून देईल!